परत आलेली किटली

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डेअरीला दूध घालायचं काम माझ्याकडे आलं. दूध खराब म्हणून तिची किटली डेअरीतून कधी परत आली नव्हती, आणि हे सगळ्या डिंगोरे गावाला ठाऊक होतं. दवाखान्यातून घरी येताच तिनं मला बजावलं, "माझी किटली परत नगं यायला."

मला हसू आलं. मी जुन्नरला स्वच्छ दुधाचं दोन दिवसांचं शिबिर करून आलो होतो, प्रमाणपत्रासकट. कास धुऊन पुसायची, किटली उन्हात पालथी घालायची, हे आई आधीपासूनच करायची. पण तिला त्यातलं शास्त्र कुठं कळतं, असं मला वाटायचं.

डेअरीच्या वाटेवर पार आहे. एका संध्याकाळी तिथं कुणीतरी विचारलं, "राव, दूध नासतं कशानं?" मला तेवढंच हवं होतं. गाडी स्टँडवर लावली आणि सुरू झालो. दूध काढल्या काढल्या थंड झालं पाहिजे, हे तर मी तीनदा सांगितलं. किटली गाडीला लटकत होती. डेअरीत पोचलो तेव्हा शटर खाली होतं.

आईला सांगितलं असतं तर तिनं त्या दुधाला विरजण लावलं असतं. पण भाषण ठोकत बसलो होतो, हे कोण कबूल करणार? किटली गुपचूप गोठ्यात ठेवली आणि सकाळी ताजं दूध तिच्यातच ओतलं. डेअरीतल्या माणसानं चाचणीची नळी हलवली, तर दुधात गाठी. "भाऊ, न्हाई चालायचं. घरी न्या." मागं रांगेत माझे पारावरचे श्रोते उभे होते.

घरी आईनं झाकण काढून वास घेतला. "कालचं मिसळलंस?" मी मान हलवली. मला फार लाज वाटली. प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती काठी घेऊन गाडीवर मागं बसली. पारावरून हाक आली, "भाऊ, ते थंड करायचं काय म्हणत व्हता?" माझा पाय सवयीनं ब्रेकवर गेला.

"दूध घिऊन थांबायचं नसतं," आई म्हणाली.

त्या दिवशी नळीत एकही गाठ दिसली नाही. डेअरीतला माणूस हसून म्हणाला, "मावशी, ही खरी तुमची किटली. काल आलेली पोराची व्हती."

"कालची बी माझीच व्हती," आई म्हणाली.