चौथी पट्टी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही — आणि आईला तर मी सांबारात मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. तुम्हाला का सांगते आहे, ते विचारू नका.

मी चेन्नईतल्या एका सरकारी इस्पितळाच्या लॅबमध्ये आहे. पोलीस पकडलेल्या माणसांना कोर्टात उभं करण्याआधी आमच्याकडे आणतात. लघवीची बाटली, तिच्यात एक पट्टी, पाच मिनिटं थांबायचं. रेघ उमटली तर नशा नाही, उमटली नाही तर आहे. आणि रेघ कितीही फिकट असो, ती रेघच धरायची. नव्या मुलींना हे मीच शिकवते. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, असं काही नाही.

त्या सकाळी चौघांना आणलं. पूंदमल्लीच्या पुढे एका भाड्याच्या खोलीत गांजा सापडला होता. चौघंही तिथेच राहणारे, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात कामाला. मी बाटल्या घेत होते तेवढ्यात आईचा फोन आला. दोन वाक्यं बोलले — आमची तंजावरी मराठी, निम्मी तमिळ. पण चौथ्याला पुरलं तेवढं. सिद्धराम त्याचं नाव, सोलापूरकडचा. चेहराच खुलला हो त्याचा!

"ताई, तुम्ही तर आपल्याच की! यांना जरा सांगा ना, मी परवाच आलोय त्या खोलीत. मी तंबाखूसुद्धा खात नाही. कंपनीत कळलं तर काढून टाकतील मला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सब-इन्स्पेक्टरने विचारलं, तुमच्या ओळखीचा आहे का?

काय अवघड होतं? त्याचं म्हणणं तमिळमध्ये सांगायचं होतं, बस. मी नाही म्हणून मान हलवली. सिद्धरामकडे बघून म्हटलं, "मराठी तेरियादु." मराठी येत नाही मला.  त्यानंतर तो मला ताई म्हणाला नाही.

पण तेवढ्यावर थांबले असते तरी — नाही, राहू दे. पुढचं सांगते.

तिघांच्या पट्ट्यांवर रेघ नव्हती. त्याच्या पट्टीवर होती. फिकट होती, पण होती. मी खिडकीपाशी नेऊन बघितली, दोनदा. सब-इन्स्पेक्टर घड्याळ बघत म्हणाला, "चौघांचंही तेच ना, अम्मा? सीक्रम, लवकर करा, कोर्टाची वेळ झाली." आता त्या एकालाच सोडवलं तर काय म्हणतील? आपला माणूस म्हणून सोडवला, म्हणतील. एवढीच भीती होती मला, याहून मोठं काही नव्हतं. चौघांच्याही नावांपुढे मी 'पॉझिटिव्ह' लिहिलं आणि सही केली.

वाईट वाटलं का? खरं सांगू — काहीच वाटलं नाही. हात धुतले, दहीभात खाल्ला. संध्याकाळी अड्यारच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली, त्याचं बरं वाटल्याचं मात्र आठवतं.

त्याची बाटली पुढे मोठ्या लॅबला गेली होती. तिथून निकाल यायला अडीच महिने लागले. काही सापडलं नाही. तोवर तो तुरुंगातच होता — त्याच्यासाठी धावपळ करायला इथे होतं कोण? तो निकाल मीच फाइलला लावला. तेव्हाही काही वाटलं नाही. मी वाट बघितली थोडी, पण नाही.

मग एक दिवस तो खिडकीशी आला. वाळला होता. नोकरी गेली होती. दुसरीकडे दाखवायला त्याला निकालाची नक्कल हवी होती. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्याने दिल्या नाहीत. त्याने मला तमिळमध्ये विचारलं. अडखळत, एकेक शब्द जुळवत, पण नीट कळेल असं — आत शिकला असणार. फोनवरची माझी मराठी ऐकूनही, मला ती येत नाही, हे त्याने खरं धरलं होतं.

मीही तमिळमध्येच सांगितलं, तीननंतर या.