सात गोल आणि आक्काची जिलबी

अंबूआक्काला ऑफसाइड अजून कळलेलं नाही. मी तिला ताटलीत शेंगदाणे मांडून समजावलंय, रस्त्यावर खडूनं रेघा मारून समजावलंय. ती मान डोलावत सगळं ऐकते आणि शेवटी म्हणते, "म्हंजे आपल्या पोरानं मारला तर गोल आणि त्येंच्या पोरानं मारला तर आपसाइड. सरळ सांग की." गेली वीसेक वर्षं तिनं आमच्या कॉलेजची एकही मॅच चुकवलेली नाही, आणि तिच्या मते आम्ही एकही मॅच रीतसर हरलेलो नाही. कधी रेफ्री नडला, कधी ऊन आडवं आलं.

आक्काचं दुकान कॉलेजच्या ग्राउंडच्या मागच्या भिंतीला टेकून आहे. समोर माझं झेरॉक्सचं दुकान. आक्काकडे शेव, फरसाण, सकाळी भजी आणि संध्याकाळी जिलबी मिळते. नवरा विजयसिंह इंगवले गल्ल्यावर बसतात आणि बायकोच्या बोलण्यावर मोजकं बोलतात. आक्का मूळची शिरोळकडची. लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा खेळ म्हणजे कुस्ती एवढंच तिला ठाऊक. फुटबॉल तिच्या आयुष्यात शब्दशः वरून पडला. भिंतीपलीकडून आलेला चेंडू थेट जिलबीच्या पाकात. पाक भिंतीवर, छतावर आणि विजयसिंहांच्या नव्या सदऱ्यावर. आक्कानं चेंडू जप्त केला. अख्खी टीम दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिनं विचारलं, "ह्येच्यापायी येवढा जीव का टाकताय ते बघू तरी द्या." दुसऱ्या दिवशी चेंडू धुऊन घेऊन ती स्वतःच ग्राउंडवर गेली. त्या चेंडूला पुढं आठवडाभर मुंग्या लागत होत्या, पण आक्का जी बसली ती बसलीच.

तेव्हापासून रीतच पडली. मॅच जिंकली काय, हरली काय, पोरं गॅलरीतल्या शिव्या खाऊन थेट आक्काच्या बाकड्यावर यायची. आक्का आधी आपल्या वाटणीच्या शिव्या द्यायची, मग प्रत्येकापुढं जिलबीची ताटली ठेवायची. आक्काला मूलबाळ नाही. हे ती कधी बोलून दाखवत नाही, पण बाकडं भरलेलं असलं की तिचा आवाज वेगळा लागतो, हे सबंध गल्लीला माहीत आहे.

सहा वर्षांपूर्वी एका सेमीफायनलला आम्ही शेवटच्या मिनिटाला हरलो. आक्का गॅलरीत उभी राहिली आणि चार लोकांत, म्हणजे कोल्हापुरात चार हजार लोकांत, बोलून गेली, "ह्यांनी कप आणंस्तवर मी जिलबीच्या कणाला शिवणार न्हाय."

आता हे दुसरं कुणी बोललं असतं तर रागाचं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. पण आक्काचा शब्द. पूर्वी ती पीठ आंबलं का बघायला बोटावर घेऊन जिभेला लावायची, पाकाचा थेंब चाखायची. त्या दिवसापासून तेही बंद. शिवणार नाही म्हणजे शिवणार नाही. पिठावरचे बुडबुडे बघून ती अंदाज बांधू लागली. विजयसिंहांना साखरेचा आजार, त्यांना डॉक्टरांनी बंदी घातलेली. त्यामुळं त्या घरात रोज परातभर जिलबी व्हायची आणि घरातलं एकही माणूस तिची चव घेत नव्हतं. आक्का गिऱ्हाइकालाच विचारायची, "कशी झालीया?" गिऱ्हाईक म्हणायचं, "एक नंबर, आक्का." मीही तेच म्हणायचो.

यंदा टीम फायनलला पोचली. आणि फायनल लागली ती नेमकी सव्वीस जानेवारीला. आता आमच्याकडं सव्वीस जानेवारी म्हणजे झेंडावंदन झालं की घरोघरी जिलबी. त्या दिवशी ज्याच्या घरात जिलबी नाही त्याला "पावणं, कुठलं?" असं विचारतात. जिलबी आणि फायनल एकाच दिवशी, म्हणजे हे अंबाबाईच्याच मनात आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग आम्ही कोल्हापूरकर जे करतो ते केलं. जिंकायच्या आधीच फ्लेक्स लावला.

लहान नव्हता. आक्काचा फोटो, हातात झारा, डोक्यामागं देवीच्या प्रभावळीसारखी केशरी जिलबी, आणि खाली टपोऱ्या अक्षरांत: 'आज आक्का जिलबी खाणार!' गुलालाची पोती आणली, हलगीवाला सांगितला, उघडा टेंपो ठरवला. कॅप्टननं आक्काला घास भरवायचा तो कुठं उभं राहून, यावर दोन गटांत वाद होऊन एक गट चहाला वेगळा गेला. आणि फ्लेक्स नेऊन बांधला शाहू स्टेडियमवर, दोन्ही गोलपोस्टमधून दिसेल अशा जागी, आपल्या गोलकीपरला दिसावा म्हणून. पोराला जोर येईल, हा विचार.

गोलकीपर राजवर्धन, कोडोलीचा. हात असे लांब की उभ्या उभ्या गुडघा खाजवेल. सेमीफायनलला त्यानं दोन पेनल्टी अडवल्या होत्या. फायनलला समोर सांगलीकडचं कॉलेज होतं, आणि त्यांचा पहिला गोल झाला तेव्हा आमची हलगी अजून तापवायची चालली होती.

दुसऱ्या गोलला आम्ही रेफ्रीला शिव्या दिल्या. तिसऱ्याला कोचला. चौथ्याला एकमेकांना. हाफटाइमला निम्मी गॅलरी "जरा गाडी बघून येतो" म्हणून जी गेली ती आलीच नाही. पाचव्या गोलनंतर माणसं चिडायची थांबली आणि करमणूक करून घेऊ लागली. मागून एकजण ओरडला, "सांगलीकर, जेवूनच जावा आता." सहाव्याला हलगीवाल्यानं हलगी पिशवीत घातली. सातवा गोल झाला तेव्हा कोणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, "झाली सप्तपदी, आता पाठवणी करा." आणि आम्ही हसलो. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसलो. सात-शून्य हरल्यावर माणूस रडू शकत नाही, तेवढी जागाच उरत नाही.

आक्का तेवढी हसली नाही. ती शेवटच्या शिट्टीपर्यंत जागेवर बसून होती. मग उठली, सांगलीच्या पोरांसाठी टाळ्या वाजवल्या आणि मला म्हणाली, "चल धैर्या, पोरं येतील. कढई ठेवाय पायजे."

तिनं कढई ठेवली. फडक्यातून जिलब्या सोडल्या, पाकात टाकल्या, परात भरली. पोरं आली नाहीत.

दुसऱ्या दिवशीही नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. प्रॅक्टिसचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, पण सुटल्यावर पोरं पुढच्या गेटनं निघून जायची. मोबाइलवर आमच्या गोलपोस्टचा फोटो 'भाड्याने देणे आहे' म्हणून फिरत होता. सांगलीहून देवीला आलेले पावणे स्टेडियमवर थांबून फ्लेक्सबरोबर सेल्फी काढून गेले. शेवटी आक्कानं मला पाठवून तो फ्लेक्स उतरवून आणला आणि उलटा करून बाकड्यावर सावलीला बांधला. "कापड चांगलं हाय," म्हणाली. पण सावलीत बसायला कोणी नव्हतं.

आक्काचा आवाज बसला. भजी नेणाऱ्याला ती वाढीव मिरची द्यायची विसरू लागली. एका दुपारी ती मला म्हणाली, "सात खाल्ले म्हणून मी काय त्यांना गिळणार हुतो का? आरं, हरल्यावरच यायचं असतंय माणसानं. जिंकल्यावर काय, कुणीबी घरात घेतंय." मला तिच्याकडं बघवेना, म्हणून मी उगाच झेरॉक्स मशीन पुसत बसलो.

उत्तर विजयसिंहांनी दिलं. गल्ल्यावरून मान वर न करता ते म्हणाले, "अंबू, जीभ तुजी, शपथ तुजी. तिचं वझं पोरांच्या पायात कशाला बांधलंस?"

आक्का काहीच बोलली नाही. हे इतकं विलक्षण होतं की विजयसिंहांनीच घाबरून तिला पाणी दिलं.

संध्याकाळी प्रॅक्टिस सुटायच्या वेळेला तिनं परात डोक्यावर घेतली आणि मला म्हणाली, "तुज्या दुकानाला कडी घाल आणि चल." ती पुढच्या गेटवर जाऊन उभी राहिली. पोरं बाहेर आली, तिला बघितलं आणि जागच्या जागी थिजली. राजवर्धन सगळ्यांच्या मागं होता. त्याचे ते लांब हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"का रे, वाट बदलली व्हय तुमी?" आक्का म्हणाली.

मग राजवर्धनच पुढं आला. "आक्का, तोंड न्हाय आमाला. फ्लेक्स समोर हुता. बॉल आला की बॉल दिसायचा न्हाय, तुमीच दिसायच्या. आज आक्का जिलबी खाणार. हात उचलायचा त्ये इसरायचो." त्यानं दोन्ही हात पाठीमागं लपवले. "तुमी जिलबी खावा आक्का. आमच्यापायी नगा थांबू. आमाला न्हाय जमत."

आता सांगतो, मी त्या गॅलरीत पोट धरून हसलो होतो, पण त्या गेटपाशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आक्कानं परात खाली ठेवली. पदराला हात पुसला. "शपथ मी घेतली, मीच सोडणार," ती म्हणाली. "कपाचं काय, येतंय तवा येतंय. माजी पोरं पुढच्या गेटनं जाया लागली तर कप घेऊन काय पूजा करू?" आणि तिनं परातीतली एक जिलबी उचलली. सहा वर्षांनी. पोरांनी श्वास रोखला. मी रोखला. माझं कारण मात्र वेगळं होतं.

तिनं चावा घेतला. चावली. थांबली. पुन्हा चावली, सावकाश, जसं माणूस ओळखीचा चेहरा आठवायचा प्रयत्न करतं. मग तिनं जिलबी तोंडापासून लांब धरली आणि तिच्याकडं बघितलं.

"ही आंबट हाय," ती म्हणाली.

एका पोरानं बुटाची नाडी बांधायला घेतली.

"चिंचंवानी आंबट हाय. आणि पाक हाय का पाणी हाय?" तिनं एकेकाकडं बघितलं आणि शेवटी माझ्यावर नजर टेकवली. "धैर्या. आजचीच अशी झालीया?"

मी जमिनीकडं बघितलं. सव्वीस जानेवारीला आमच्या घरात दोन पुडे येतात. एक आक्काचा, देवापुढं ठेवायला आणि दुधात बुडवून कसाबसा संपवायला. दुसरा गंगावेशीतल्या दुकानातून गुपचूप आणलेला. गल्लीत सगळ्यांकडं असंच. सहा वर्षांत कोणी कोणाजवळ हे मोठ्यानं बोललेलं नाही, आणि फितूर तर कोणीच झालं नाही.

"सहा वर्षं," आक्का म्हणाली. "सहा वर्षं ह्ये खाताय तुमी? आणि एकबी मुडदा बोलला न्हाय?"

बाकीच्यांच्या माना खालीच होत्या. राजवर्धन मात्र तिच्याकडं बघत होता, आणि सात गोल खाल्ल्यापासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं.

"आक्का," तो म्हणाला, "एवढी वर्षं तुमी बी आमचा खेळ बघतायच की."

आक्का हसायला लागली. पोरं हसायला लागली. गेटवरचा वॉचमन कशाला हसतो हे न कळताच हसायला लागला. हसता हसता आक्का तिथंच पायरीवर बसली, राजवर्धनला दंडाला धरून शेजारी बसवलं आणि परात मांडीवर घेतली. हातातली ती आंबट जिलबी तिनं शेवटच्या वेढ्यापर्यंत खाल्ली, आणि मग दुसरी उचलली.