बराकीतले बारा अंगठे

ते प्रकरण नुसते आठवले तरी आजही अंगात तरतरी येते. उल्हासनगरला मी नवाच फौजदार म्हणून आलो होतो. निर्वासितांच्या कॅम्पातल्या जुन्या लष्करी बराकी पाडून तिथे रस्ता आणि बाजार करायचा नकाशा लागला होता. एका बराकीत बारा सिंधी विधवा राहायच्या. पुढच्या अंगणात पापड वाळवायच्या, त्यावरच त्यांची चूल पेटायची. अंगण गेले की सगळेच गेले. म्हणून त्यांच्या वतीने शाळेच्या मास्तरांनी सही करून हरकत घेतली होती.

सुनावणीच्या दिवशी सकाळीच हवालदार धावत आला. कॅम्प दोनमधला चहावाला आमचा खबऱ्या. त्याने सांगितले होते की होणाऱ्या बाजारातले गाळे विकणाऱ्या एका दलालाने त्याच्या चहाच्या दुकानामागे हमाल बसवून कागदांवर त्यांचे अंगठे उठवून घेतले. मी तडक सुनावणीच्या कचेरीत गेलो. फायलीत हरकत मागे घेतल्याचे बारा अर्ज लागलेले! प्रत्येकाखाली जांभळा अंगठा. सुनावणी चार वाजता होती.

दलालाला उचलून आणले. गडी पक्का निगरगट्ट.

"बायांनी राजीखुशीनं दिलंय साहेब. आता पोलिसाला भिऊन नाय म्हनतील, त्याला मी काय करू?"

उलटसुलट विचारून मी घामाघूम झालो, तो मात्र मजेत बसलेला. खबऱ्याला साक्षीला उभे करता येत नव्हते. हमाल पसार झाले होते. अर्जांवरचे ठसे तज्ज्ञाकडे पाठवायचे, तर आठवडा जाणार होता. घड्याळात एक वाजला.

शेवटी बाराजणींतल्या सर्वात वडील बाईंना जबाबाला बोलावले. सगळे त्यांना दादी म्हणायचे. जबाब लिहून झाला आणि मी नेहमीच्या सवयीने शाईचा पॅड त्यांच्यापुढे सरकवला.

दादींनी हात झटकन मागे घेतला. "अंगूठा? साईं, मी रोज टिकाण्यात पोथी वाचते. पेन दे इकडे!"

टिकाणा म्हणजे त्यांचे प्रार्थनेचे ठिकाण. तिथे लहानपणापासून पोथी वाचून त्या गुरुमुखी लिपी शिकल्या होत्या. त्यांनी ठसठशीत सही ठोकली आणि मी खुर्चीतून उडालोच!

"हवालदार, जीप काढा!"

बराकीच्या अंगणात, पापडांच्या खाटांमध्येच मी पंचनामा केला. दादी धरून अकराजणींनी सह्या केल्या. एकीला लिहिता येत नव्हते, तिने अंगठा दिला. भिंग लावून पाहिले, तर अर्जावरच्या अंगठ्याशी तो कुठेच जुळेना. ते कागद दलालापुढे टाकले तेव्हा त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"आमच्याकडच्या बाया अंगठाच लावतात साहेब," तो पुटपुटला. "मला वाटलं, ह्यापन तशाच."

चारला पाच मिनिटे असताना आम्ही सुनावणीत पोचलो. बारा अर्ज रद्द झाले, हरकत उभी राहिली आणि पुढे नकाशातला रस्ता बराकीला वळसा घालून गेला. त्या दिवशी मला गगन ठेंगणे झाले होते.

दलालावर गुन्हा दाखल करून मी ऐटीत ठाण्यात परतलो. दादी बाकावर बसल्या होत्या. मला वाटले, आशीर्वाद देतील. तोही त्यांनी दिला. मग टेबलावरच्या पॅडकडे बोट दाखवून म्हणाल्या, "साईं, त्यानं विचारलं नाही. तूही विचारलं नाहीस."

त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझा पॅड खणातच असायचा. समोर कोणीही बसले, तरी आधी पेन पुढे करायचो.