कूलरचा गुन्हा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या वर्कशॉपमधील कूलर बिडाचे वेल्डिंग चालू असताना लावण्यास कायमची मनाई करण्यात आली आहे. हा हुकूम काढणारा मी. ज्याच्या पराक्रमामुळे तो काढावा लागला, तो इसमही मीच.

सोलापुरात, मे महिन्याच्या दुपारी असला हुकूम म्हणजे शुद्ध क्रौर्य. तेव्हा हकीकत सांगणं भाग आहे.

शहराच्या पूर्व भागातले एक विणकर अण्णा पोत्यात गुंडाळून मागाचा एक भाग घेऊन आले. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, हातभर लांब, मधोमध मोडलेला. माग इतका जुना की तसा भाग आता कुठेच मिळत नाही. नवा ओतून घ्यायचा तर आधी लाकडी नमुना, मग वाळूचा साचा. एका नगासाठी ओतकामाची भट्टी कोण पेटवणार? आणि मुलाने त्यांना बजावलेलं, सोमवारपर्यंत माग चालला नाही तर भंगारात.

"माग गेला तर दिवसभर मी काय करू? सुनेच्या मालिका बघू?" अण्णा म्हणाले.

आमचे वेल्डर चाचा माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांनी भाग भट्टीवर तापवला, मग वेल्डिंगला बसले. बोटाच्या पेराएवढा टाका घालायचा, थांबायचं, हातोडीने हळूहळू टिपायचं, पुन्हा पेरभर. बीड असंच असतं. आच कितीही द्या, तक्रार नाही. पण एक बाजू आधी गार झाली की स्वतःलाच फाडून घेतं. म्हणून काम झालं की ते गरम राखेत पुरायचं आणि विसरायचं. इंजिनिअरिंगच्या परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर मी आकृतीसह लिहिलं होतं.

शेवटचा टाका पडला. चाचा घामाने निथळत राखेचा डबा आणायला वळले. माझ्या मनात माया दाटून आली आणि मी कूलर लावला.

टिंग.

एवढाच आवाज. टाक्याच्या कडेने केसासारखी रेघ उमटली होती. चाचांनी आधी कूलरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"साहेब, हवा मला पाहिजे होती. त्याला नक्को होती."

अण्णा बाहेर चहा पीत होते. त्यांना सांगायला जाताना ती दहा पावलं मला फार लांब वाटली. दोष विजेवर ढकलता येईल, वेल्डिंगच्या रॉडवर ढकलता येईल, असं सगळं वाटेत सुचलं. पण त्यांनी माझ्यासाठीही एक कप भरून ठेवला होता. मी खरं ते सांगितलं.

अण्णांनी कप खाली ठेवला. "परत जमंल का?"

"एकदाच," मागून चाचा म्हणाले. "जुना टाका घासून काढावा लागेल. तिसऱ्या वेळी धरायला बीडच उरणार नाही."

दुसरा टाका घातला तेव्हा मी वर्कशॉपचं दारसुद्धा लोटून घेतलं. अण्णांसकट तिघेही भाजून निघालो. भाग राखेत गेला. त्यानंतर करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि मला तेच सर्वांत अवघड गेलं. आयुष्यभर मी कामं आवरत आलो. गार होऊ देणं हेही काम असतं, हे मी कधी धरलंच नव्हतं.

सकाळी अण्णा आमच्या आधी दारात हजर. चाचांनी भाग राखेतून काढला, तारेला टांगला. आतून तडा असेल तर बद्द वाजतं, अखंड असेल तर घुमतं. त्यांनी हातोडी हलकेच मारली.

घुमलं. देवळातल्या घंटेसारखं, बराच वेळ. चाचांनी डोळे मिटले. मी तारेवर डोलणाऱ्या त्या भागाकडे बघत राहिलो. दोघेही तसेच उभे.

अण्णा मात्र कासावीस होऊन एकदा चाचांचं, एकदा माझं तोंड बघत होते. जन्मभर मागांच्या खडखडाटात बसलेल्या त्यांच्या कानांना मोठ्याने बोललेलं तेवढं कळतं; असला नाद पोचतच नाही, हे आम्हाला तेव्हा उमगलं. शेवटी ते ओरडलेच,

"अवो, दोघं बी मुके झाला का? वाजलं का न्हाय, सांगा की!"