शर्टाच्या पाठीवरचा चेहरा

पडदेवाल्या काकूंच्या घरात चांगला उजेड येतो तो एकाच खिडकीतून, आणि त्या खिडकीपाशी मशीन आहे. पलंग, कपाट, जेवायचं टेबल हे सगळं मागे, अर्ध्या अंधारात. "मला कमी दिसलं तरी चालेल, सुईला दिसलं पाहिजे," असं त्या म्हणायच्या. आता म्हणत नाहीत. ऐकून "मग सुईलाच चहा करायला सांग" असं म्हणणारा माणूस राहिला नाही.

काकू पडदे शिवतात. दवाखान्याचे, शाळेच्या स्टेजचे, समोरच्या इमारतीत नवे भाडेकरू आले की घाईघाईने शिवून हवे असतात ते. पडद्याचं काम म्हणजे लांबच लांब सरळ शिलाई. हात चालतो, डोकं रिकामं राहतं. त्या रिकाम्या डोक्याला खाद्य म्हणून त्यांनी उरलेल्या तुकड्यांच्या गोधड्या करायला घेतल्या, आणि गोधडीच्या मधल्या चौकोनात मशीनने चित्रं काढायला त्या आपल्या आपणच शिकल्या. मशीनचे दाते खाली करायचे, म्हणजे ते कापड पुढे ओढत नाहीत. कापड रिंगमध्ये ताणून बसवायचं, दोन्ही हातांनी धरायचं आणि धावत्या सुईखाली हवं तसं फिरवायचं. पेन्सिल जागेवर धरून कागदच हलवावा, तसा प्रकार. दोऱ्यावर दोरा चढत जातो आणि पान हिरवं होतं, पाकळीला सावली येते.

त्यांची एक रीत होती. चित्र पातळ कागदावर काढायचं, तो कागद कापडाच्या उलट्या बाजूला लावायचा आणि मागूनच रेघेवर शिलाई मारायची. कागदाने कापड आवळत नाही आणि सुलट बाजूला खडूचा डागही पडत नाही. मग उलटवायचं आणि पुढून रंग भरायचे. अशी कितीतरी फुलं, पानं, पाखरं त्यांनी केली. फुलाला डावं काय आणि उजवं काय. कधी अडलं नाही.

काकूंचे यजमान बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते, तोवर छातीत दुखायचं निमित्त झालं आणि दोन रात्रींत माणूस गेलं. लेक दूरदेशी. ती विमानांच्या अदलाबदलीत अडकली आणि पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. ती रडली नाही. बाबांच्या खुर्चीवर बसून राहिली आणि चार दिवसांनी परत गेली. मग एकदा फोनवर म्हणाली, "आई, मला त्यांचा चेहरा बघायलाच मिळाला नाही गं. तू त्यांच्या शर्टांची गोधडी करशील? मधोमध ते असू देत. मी सुट्टीत येईन तेव्हा घेऊन जाईन."

"करते की," काकू म्हणाल्या. आजवर लेकीने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. लहानपणी मागायची ते बाबांकडे.

कपाटातून आकाशी रंगाचे शर्ट काढले आणि काकू त्यांच्याकडे बघत बसल्या. कारकुनाचा शर्ट कोपरात फाटतो, ड्रायव्हरचा पाठीत. सीटला घासून घासून एकेका शर्टाची पाठ जाळीसारखी झाली होती, हात घातला तर बोटं दिसत. बाह्यांचे, खांद्यांचे तुकडे भरपूर निघाले. पण चेहरा मावेल एवढं अखंड, घट्ट कापड एकाच शर्टाच्या पाठीत होतं. निवृत्तीच्या आधी मिळालेला तो शेवटचा शर्ट, दोन-चारदाच अंगाला लागलेला. आणि अशा चित्राला उसवणं नसतं. दाट शिलाई उसवली तर मागे उरते ती चाळणी.

दोरेवाल्याकडे जाऊन त्या म्हणाल्या, "माणसाच्या रंगाचे दोरे दाखवा."

"काकू, माणूस छाप दोरा अजून निघाला नाही," दोरेवाला म्हणाला. "बदामी आहे, विटकरी आहे, मातकट आहे. कसा माणूस आहे?"

"उन्हात रापलेला. एक हात जास्त."

"खिडकीकडचा?"

"हो. खिडकीकडचा."

दोरेवाल्याची थट्टा तिथेच थांबली. त्याने रिळांचे खण काउंटरवर पालथे केले आणि त्यांना हवं तेवढा वेळ बसू दिलं. निघताना एक रीळ त्याने आपणहून पिशवीत टाकलं. "राखाडी घ्या. कानशिलाला लागेल."

लेकीने फोटो मोठा करून पाठवला होता. काकूंनी त्यावर पातळ कागद ठेवून रेघा उतरवल्या. देवापुढे हात जोडले, कागद शर्टाच्या पाठीला आतून लावला आणि सवयीने मागून शिलाई मारली.

मग रोज दुपारी पडद्यांचं काम बाजूला ठेवून त्या रिंग लावायच्या. कपाळ बदामी, गालाच्या खळग्यात विटकरी, हनुवटीखाली मातकट. डोळे सगळ्यात शेवटी. पाखराचे डोळेसुद्धा त्या शेवटीच करत, नाहीतर ते आपल्याकडे बघत बसतात आणि हात बिचकतो. मशीन थांबलं की घरात भलतीच शांतता व्हायची, म्हणून त्या बोलायच्या. "हलू नका. तुमचे कान करणं चाललंय. एवढे मोठे कान, आणि हाक मारली की एक ऐकू येत नव्हती." उत्तराला जागा सोडायची सवय जात नव्हती. क्षणभर थांबून त्या पुन्हा पायडल दाबायच्या.

डोळे झाले आणि काकूंनी पायडलवरून पाय काढला. इतके ते तेच होते. फोटोत होते त्याहून जास्त. त्यांनी देवाचे आभार मानले आणि कडेने बाह्यांचे तुकडे जोडायला घेतले.

लेक आली. बॅग दारातच ठेवली. "दाखव," म्हणाली.

काकूंनी गोधडी पलंगावर पसरली. तीन बाजूंचा धावदोरा व्हायचा होता, टाचण्या तशाच होत्या. लेक वाकली, हात लावला, आणि हात मागे घेतला.

"छान झालंय," ती म्हणाली.

"पण?"

"काही नाही. काम सुरेख आहे."

"पडद्याच्या गिऱ्हाईकासारखं बोलू नकोस. काय ते सांग."

लेक पुन्हा वाकली. "आई, हे बाबा नाहीत. बाबांसारखं कुणीतरी आहे. म्हणजे..." तिने तीळ दाखवला. "हा इकडे कसा? डाव्या डोळ्याखाली होता ना? आणि भांगही तिकडचा इकडे आलाय."

काकूंनी फोटो आणला. शेजारी ठेवला. मग त्यांना सगळं कळलं आणि त्या खुर्चीवर बसल्या.

"मागून शिवलं मी," त्या म्हणाल्या. "फुलांसारखं."

"अगं, पण इतके दिवस तुझ्या लक्षात नाही आलं? रोज तर बघत होतीस."

त्याचंच काकूंना नवल वाटत होतं. या चेहऱ्यासमोर त्या इतक्या दुपारी बसल्या, कान, नाक, ओठ जाणून घेतले, आणि एकदाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. उत्तर सापडलं तेव्हा ते इतकं साधं होतं की सांगताना त्यांना लाजच वाटली.

"आमची ओळख बसमधली. पडद्यांच्या कारखान्यातून सुटले की ह्यांचीच बस असायची. ह्यांच्या तिरकस मागची सीट माझी. वर पाटी, चालकाशी बोलू नये. मग मी बोलायची नाही, आणि हे वरच्या आरशातून बघायचे. लग्न झाल्यावरसुद्धा कारखाना सुटेपर्यंत तीच बस, तीच सीट. घरात काय, हे पेपरमध्ये, मी मशीनवर. दाढी करायचे तेव्हा मी मागे टॉवेल घेऊन उभी. तेव्हाही आरसाच." त्यांनी फोटो हातात घेतला. "समोरून असं मी बघितलंच किती?"

लेकीने टाचण्या सांभाळत गोधडी उचलली आणि कपाटाच्या आरशासमोर धरली. आरशात तीळ जागेवर गेला. भांग जागेवर गेला. शाळेच्या फाटकापाशी बस थांबवून हात करणारे बाबा तिथे होते. तिचे खांदे हलायला लागले. तेव्हा रडली नव्हती, ते आता आलं.

काकू मागून तिच्याजवळ गेल्या. लेक आरशात बघत होती, त्या कापडाकडे. एकाच माणसाकडे दोघी दोन ठिकाणी बघत होत्या, आणि लेकीच्या पाठीवर ठेवलेला हात आपण कोणत्या माणसासाठी ठेवलाय, हे काकूंना नीट सांगता आलं नसतं.

"आरशासकट घेऊन जा," शेवटी त्या म्हणाल्या.

लेक रडता रडता हसली. नाक पुसलं. "नको. हे तू ठेव. हे तुझ्या सीटवरून दिसणारे आहेत."

"मग तुला काय देऊ? तसं कापड आता उरलं नाही. सगळ्यांच्या पाठी गेलेल्या."

"पुढून काहीतरी असेल ना? खिसा, बटणं, चालेल काहीही."

"बटणपट्टी बरोबर नाकावर येईल."

"येऊ दे. त्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, नाकाला बटण लावलंत ते बरं केलंत, आता उघडझाप करता येईल."

हे अगदी त्यांचंच बोलणं होतं. दोघी थोडा वेळ त्याच्यात राहिल्या.

सुट्टी संपली. टॅक्सीत बसताना लेक म्हणाली, "घाई नाही, सावकाश कर." काकू वर आल्या तेव्हा चहाचे दोन कप टेबलावर तसेच होते. एक त्यांनी विसळला. दुसरा दुपारपर्यंत राहू दिला.

पलंगावर त्यांची गोधडी होती. तिच्यातला माणूस त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी शेवटच्या शर्टाचे पुढचे दोन भाग उजेडात धरले, मधोमध जोडले, आणि या वेळी चित्र सुलट बाजूवर खडूने काढलं. डाग पडला तर पडो. भांग फोटोत होता तिकडे, तीळ फोटोत होता तिथे. रेघा संपवून बघितलं तर कापडावर एक अनोळखी, सरळ बघणारा माणूस होता. लेक रोज फाटकातून बघायची तो. त्याच्याशी काय बोलायचं ते काकूंना सुचेना.

त्यांनी देवापुढे हात जोडले, दाते खाली केले, रिंग कसली. राखाडीचं रीळ उचललं, परत ठेवलं, आणि काळा दोरा ओवला. या वेळी डोळे आधी करायचे, असं त्यांनी ठरवलं. काम होईल तसं होईल. तोवर कुणी बघत तरी बसेल.