तापीचं सासर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या सावत्र आईचे आहेत. गावात सगळे तिला अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणायचो. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर झालो तो तिच्यामुळे. धुळ्याला कॉलेजात होतो तेव्हा ती पहाटे उठून भाकरी करायची आणि डबा सकाळच्या एस.टी.त कंडक्टरकडे द्यायची. स्टँडवर तो अहिराणीत ओरडायचा, "अक्काना पोऱ्या कोन शे रे?" आणि मी गर्दीतून हात वर करायचो. सख्खा की सावत्र, हे त्याला ठाऊक नव्हतं. डबा उघडताना मलाही ते कधी आठवलं नाही.

आमचं गाव तापीच्या काठावर. मी शाळेत असताना, एकदा धुणं धुता धुता अक्कानं विचारलं, "हाई बठ्ठं पानी कोठे जास रे?"

भूगोलात वाचलेलं मी सांगितलं, की सुरतेच्या पुढे नदी समुद्राला मिळते.

"मंग तठे तापीनं सासर शे," ती म्हणाली.

आमच्याकडे मुलीचं लग्न झालं की आईबाप एकदा तिचं घरदार पाहून येतात. लेक कुठे नांदते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही. अक्काला स्वतःचं मूल नव्हतं. त्या दिवसापासून ती म्हणू लागली, "माले एकदाव तापीनं सासर देखनं शे." माझे वडील, म्हणजे नाना, चिडवायचे, "जा, जा! विहीनबाई वाट देखी ऱ्हायनी!" ती हसायची, पण दर पावसाळ्यात पूर ओसरला की तेच पुन्हा म्हणायची.

ऐंशीच्या दशकात मला जळगावला बँकेत नोकरी लागली. तिथे एलटीसी हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. चार वर्षांच्या एका ब्लॉकमध्ये एकदा कुटुंबाला देशात कुठेही फिरवून आणायचं, तिकिटांचा खर्च बँकेचा. माझ्यावर अवलंबून असलेले आईवडीलही कुटुंबात धरले जात. मी त्याच दिवशी ठरवलं, अक्काला सुरतेला न्यायचं. आमच्या स्टेशनवरून थेट गाडी होती.

जेवणाच्या सुट्टीत हे बोललो आणि सगळे हसायला लागले.

"सुरत?" हेड कॅशियर म्हणाले. "अहो भाऊ, कोथिंबिरीची जुडी आणायला कोणी ट्रक करतं का?"

"पासिंजरच्या तिकिटावर एलटीसी घालवणार हा! वाया जाईल ना ती."

"कन्याकुमारी काढा. तीन समुद्र एका तिकिटात. तुमच्या मातोश्रींना एक समुद्र पाहिजे, तुम्ही तीन दाखवा!"

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. जितकं लांब नेऊ तितके उपकार फिटतील, असं काहीतरी माझ्या मनात होतं. गावात कुणी भुसावळच्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि मी अक्काला देशाच्या टोकाला नेणार होतो. तिला सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "तठे तापी येस का?" मी म्हणालो, "समुद्र सगळा एकच गं."

गाड्या बदलत आम्ही गेलो. घरून नेलेल्या भाकरी तिसऱ्या दिवशी संपल्या. पुढे सकाळ-संध्याकाळ भात. "बठ्ठा भातच शे का आठे?" नाना वाढणाऱ्याला अहिराणीत विचारायचे आणि तो आणखी भात वाढायचा. अक्काचे गुडघे सुजले. पण तिनं एकदाही कुरकुर केली नाही, आणि मी ते समाधान समजलो.

कन्याकुमारीला भर दुपारी मी तिला पाण्याजवळ उभं केलं. तिनं डोळे बारीक केले.

"धुकं शे का रे?"

"धुकं नाही, अक्का. ऊन डोळ्यांवर येतंय."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आठे नदी नही येस?"

"नाही."

"मंग आठे आपलं कोन शे?"

मी हसलो आणि तिला शंखांच्या दुकानाकडे घेऊन गेलो.

परतल्यावर बँकेत सगळ्यांना शंख वाटले. अक्काला म्हणालो, पुढच्या ब्लॉकला सुरत, नक्की. आज हे लिहिताना वाटतं, सुरतेला जायला ब्लॉक कशाला हवा होता? कुठल्याही रविवारला जोडून रजा टाकली असती तरी चाललं असतं. पण आमच्यासारख्यांच्या घरात फिरणं म्हणजे एलटीसी, असं झालं होतं. जे फुकट मिळणार त्याला खिशात हात घालायचा नाही. आणि फुकटात एवढं जवळ जायचं म्हणजे नुकसान. त्या दोन शहाणपणांच्या मध्ये सुरत राहून गेली.

माझं लग्न झालं, मुलगी झाली, बदली धुळ्याला झाली. अक्का-नाना गावीच होते. एका सुट्टीत पाहिलं, अक्का ओट्याची पायरी पायानं चाचपून उतरत होती. चहाचा कप तिनं माझ्या हाताच्या शेजारी, रिकाम्या जागेत पुढे केला. धुळ्याला डॉक्टरांनी तपासलं आणि काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, असं ते म्हणाले. मग विचारलं, "यांना धूसर कधीपासून दिसतंय?"

मला कन्याकुमारीची ती दुपार आठवली.

त्या संध्याकाळी मी म्हणालो, "अक्का, उद्याच निघू सुरतेला. खड्ड्यात गेला ब्लॉक."

"आते मी येईसन काय करू?"

"पाण्याचा आवाज ऐकशील."

"सासर देखाले जातस, ऐकाले नही." मग माझा हात शोधून म्हणाली, "तू देखी ये. आन् माले लिखीसन धाड. नाना वाचतीन."

बायको आणि मुलीला घेऊन मी गेलो. तिकिटं खिशातूनच काढली. निघताना अक्कानं ओटीचा खण आणि नारळ दिला होता, शिवाय चाचपत केलेल्या भाकरी. नाना तिसरी शिकलेले, म्हणून सुरतेहून पत्र मोठ्या अक्षरांत लिहिलं. ते असं:

तीर्थरूप माय,

शिरसाष्टांग नमस्कार. नाना, सावकाश वाचा. माय मध्येच थांबवेल, तिला थांबवू द्या.

काल तापीचं सासर पाहिलं. सुरतेत ती आपल्या गावच्यापेक्षा कितीतरी रुंद आहे. पुढे समुद्र निळा नाही, गढूळ आहे, आपल्या शेतातल्या पाण्यासारखा. काठाला पोटरीएवढा चिखल. नदी कुठे संपते ते मला सापडलं नाही. एका कोळ्याला विचारलं तर तो हसला. म्हणाला, भरतीला समुद्र तिला मागे लोटतो, ओहोटीला पुन्हा आत घेतो. संध्याकाळी मी पाणी उलटं येताना पाहिलं. तू विचारशील, माहेरी येते का? नाही माय, थोडं येते आणि परत फिरते. आपल्या घाटापर्यंत येत नाही.

तुझी ओटी सोडली. पाण्यानं ती परत आणली, मग तुझ्या नातीनं सोडली, तेव्हा गेली. तू दिलेल्या भाकरी तिथेच बसून खाल्ल्या.

सासर कसं आहे, ती सुखात आहे का, हे तू पाहिलं असतंस तर तुला कळलं असतं. मला कळत नाही. तुला दिसत होतं तेव्हा मी तुला नको त्या समुद्रावर नेलं.

तुझा पोऱ्या