स्टुलाची प्रेस नोट

आमच्या कॉलेजात कार्यक्रमाच्या प्रेस नोट मी लिहिते. बिदरच्या पेपरवाल्यांना त्या लवकर हव्या असतात, म्हणून आदल्या दिवशीच तयार करायच्या असतात. पाहुण्यांनी तोंड उघडण्याआधीच मी ‘असे प्रतिपादन त्यांनी केले’ असं लिहून मोकळी होते. आजवर एकाही पाहुण्यानं तक्रार केलेली नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनात एका विद्यार्थ्याला स्वतःची गोष्ट वाचायला मिळणार होती. ती मला वाचायची होती. आमच्या घरातलं कुणी कधी स्टेजवर चढलेलं नाही. मी मायवर दोनदा लिहिलं, आमच्या मराठीच्या सरांनी दोन्ही वेळा परत केलं. “सगळे रडतायत,” ते म्हणाले, “पण घडलं काय, ते कळत नाही.”

मला साधं लिहिता येत नव्हतं. प्रेस नोट तेवढी येत होती. मग गोष्ट तशीच लिहिली.

माय कोळारच्या एका गोदामात डाळ निवडते. कमलनगरकडचं गाव सोडून आम्ही इथं खोली केली, ती या कामासाठीच. तिथं बायांना दिवसभर उभं राहावं लागायचं. एक दिवस मायनं घरातलं प्लास्टिकचं स्टूल नेलं. सुपरवायझरनं ते बाहेर ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा नेलं. हळूहळू बाकीच्या बायाही आणू लागल्या आणि स्टुलं राहिली. मी लिहिलं: ‘कोळार, ता. बिदर. येथील एका गोदामात काल सकाळी सदर महिलेने स्टूल ठेवून त्यावर बसण्याचा कार्यक्रम पार पाडला.’ एकदाही न अडखळता पान भरलं.

सरांना आवडलं. “पण आईला वाचून दाखव,” ते म्हणाले. “त्या नको म्हणाल्या तर उद्या सकाळी दुसऱ्याचं नाव देतो.”

माय भाकऱ्या थापत होती. मी वाचायला लागले.

“सदर महिला म्हंजी?” ती हसली. “पोलिसात दिलीस का काय मला?”

“तसंच लिहितात गं.”

“बरं, वाच.”

मी पुढं वाचलं: “‘महिलांनी आपल्या हक्कांसाठी संघटित झाले पाहिजे,’ असे प्रतिपादन त्यांनी केले.”

तिचे हात थांबले. “हे कोण म्हणलं?”

“तू.”

“मी कधी म्हणले? मी म्हणले, साहेब, बसल्यावर बी हात चालतात, बघा. एवढंच.”

“प्रेस नोटमध्ये असं घालतात, माय.”

“कामून घालतात? उद्या बाया म्हणतील, ही पुढारीण झाली.” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “आन् पहिलं स्टूल माझं न्हाई. अक्कानं आणलं. ते बाहेर टाकलेलं बघून दुसऱ्या दिशी मी माझं नेलं.”

अक्का म्हणजे गोदामात तिच्या शेजारी उभी राहणारी भालकीकडची बाई. मायनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. स्टूल म्हटल्यावर ते मायनंच नेलं असणार, असं मी धरून चालले होते.

“मग गोष्ट तुझी राहत नाही,” मी म्हणाले.

“नको राहू दे. खोटं वाचणार असलीस तर मी येणार न्हाई, तूबी वाचू नको.”

मला रडू येत होतं, पण मी तिचा फोन घेतला आणि अक्कांना लावला. स्पीकरवर सगळं वाचून दाखवलं आणि पहिलं स्टूल तुमचं होतं असं लिहू का, ते विचारलं. पलीकडं कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या.

“लिही की, अव्वा,” अक्का मला लाडानं म्हणाल्या. “पर माझं निळं होतं. ते बी लिही. तुझ्या मायचं लाल. एक पाय मोडकाच होता त्याचा.”

“मोडका कुठला? वाकडा होता,” माय चुलीपासून ओरडली.

दोघी पायावरून भांडत राहिल्या. मी पान फाडलं आणि नव्यानं लिहायला बसले. प्रतिपादन काढलं. ‘बसल्यावर बी हात चालतात, बघा’ जसंच्या तसं ठेवलं. ‘काल सकाळी’ही काढावं लागलं, कारण या सगळ्याला आठवडा लागला होता. जेवणं होईपर्यंत पान पुरं झालं. आधीच्यापेक्षा ते तोकडं होतं आणि निम्मं पान झाल्यावर माय त्यात येत होती.

सकाळी सर यायच्या आधीच मी स्टाफरूमच्या दारात उभी होते. त्यांनी तिथंच उभ्यानं वाचलं.

“यात पहिली बाई वेगळीच आहे,” ते म्हणाले. “आई?”

“दुसरी, सर. आणि मी हेच वाचणार आहे.”

त्यांनी खिशातून पेन काढून कार्यक्रमाच्या यादीत माझं नाव लिहिलं.